स्टॉल उभा करताना ‘जागेवर बघू’ का चालत नाही

प्रश्न थोडक्यात असा: आजवर आयोजकांनी दिलेला तयार चौकटीचा स्टॉल घेत होतो, यंदा पहिल्यांदाच स्वतःचा फॅब्रिकेटर (स्टॉल बांधून देणारा कंत्राटदार) लावून ६ बाय ९ मीटरचा स्टॉल बांधतो आहोत. मागे ६ मीटर लांब आणि ४ मीटर उंच भिंत, वर टांगलेला ट्रस (दिवे वगैरे लावायची धातूची जाळीदार तुळई), एक एलईडी वॉल (टाइल जोडून केलेला मोठा पडदा) आणि चालू स्थितीत दाखवायचं एक यंत्र आहे. आयोजकांनी सुरक्षा नियमांची जाडजूड पुस्तिका पाठवली आहे. त्यातलं खरोखर मनावर घ्यायचं काय, आणि कोणी काय करायचं?

पुस्तिकेतले बहुतेक नियम हॉलमध्ये पाळायचे नसतात, ते गाडी निघण्याआधी, ड्रॉइंगवर पाळायचे असतात. हॉलमध्ये पोहोचल्यावर तुमच्या हातात वेळ नसतो, जागा नसते, शेजारच्या स्टॉलवाल्याचं सामान तुमच्या हद्दीत पडलेलं असतं आणि उद्घाटन पुढे ढकलता येत नाही. अशा वेळी जे ठरतं ते सोयीचं असतं, सुरक्षित असेलच असं नाही. म्हणून ‘ते जागेवर बघू’ असं ज्या ज्या गोष्टीबद्दल कोणी म्हणेल ती लिहून काढा. तुमच्या धोक्यांची यादी तीच.

आधी जबाबदारी. ‘फॅब्रिकेटरला काम दिलं, आता तो बघेल’ हे अर्धसत्य आहे. ज्याच्यासाठी बांधकाम होतंय तो प्रदर्शक हा मालक असतो. योग्य माणूस नेमणं, त्याला पुरेसा वेळ देणं आणि स्टॉलवर काय काय येणार हे त्याला आधी सांगणं हे मालकाचंच काम. ब्रिटनमध्ये २०१५ पासून बांधकाम सुरक्षेचे नियम प्रदर्शनाच्या स्टॉललाही लागू आहेत, आणि त्यात मालक, मुख्य डिझायनर व मुख्य कंत्राटदार यांची कामं वेगवेगळी सांगितली आहेत. इतर ठिकाणी नावं बदलतात, पण गाभा तोच. खरी गडबड होते ती खालच्या साखळीत. फॅब्रिकेटर सुतारांची टोळी आणतो, टोळीवाला रोजंदारीवर चार हात गोळा करतो, वायरमन वेगळा, फ्लेक्स लावणारा वेगळा, एलईडी वॉलवाला वेगळा. या सगळ्यांना ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार असलेला एकच माणूस उभारणीच्या पहिल्या तासापासून शेवटची गाडी भरेपर्यंत जागेवर हवा. त्याचं नाव आणि फोन आयोजकांकडे नोंदवलेला हवा. तो रात्री झोपायला जात असेल तर त्याच्या जागी कोण, तेही लिहिलेलं हवं.

आयोजक दोन कागद मागतात: धोक्यांचं मूल्यमापन आणि कामाच्या पद्धतीचं टिपण. मागच्या स्टॉलचे कागद नाव बदलून पाठवण्याची पद्धत सर्रास आहे आणि तपासणाऱ्याला ते दोन मिनिटांत कळतं, कारण त्यात ‘उंचीवर काम करताना काळजी घ्यावी’ असली वाक्यं असतात. उपयोगी टिपणात क्रम असतो. कोणती भिंत आधी उभी राहणार, ती पूर्ण जोडली जाईपर्यंत कशाने धरून ठेवणार, सर्वात जड तुकडा किती किलोचा, तो किती जणांनी किंवा कोणत्या यंत्राने उचलणार, आणि त्या वेळी खाली कोणी येऊ नये म्हणून कोण उभं राहणार. हे लिहायला बसलं की डिझाइनमधल्या चुका आपोआप बाहेर येतात. हे टिपण फक्त ईमेलमध्ये राहिलं तर व्यर्थ. टोळीच्या मुकादमाला ते त्याच्या भाषेत, ड्रॉइंग समोर ठेवून सांगायला हवं.

भिंत

हॉलच्या आत वारा नसतो, मग भिंत पडेल कशाला, असं वाटतं. पण माणसं टेकतात, ट्रॉली धडकते, मोठं शटर उघडल्यावर झोत येतो, शेजारी शिडी लावतो. म्हणूनच जर्मन प्रदर्शन केंद्रांच्या तांत्रिक नियमांत आतल्या भिंतीलाही आडवा दाब धरायला सांगितलेला असतो: ४ मीटर उंचीपर्यंत दर चौरस मीटरला ०.१२५ किलोन्यूटन, त्याच्या वर ०.०६३.

तुमच्या भिंतीवर हा आकडा लावून बघा. ६ गुणिले ४ म्हणजे २४ चौरस मीटर. आडवा जोर ३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो. हा जोर भिंतीच्या मध्यावर, २ मीटर उंचीवर धरला की भिंत उलटवणारा परिणाम (जोर गुणिले अंतर) ६ किलोन्यूटन-मीटर होतो. आता भिंत सरळ, एकटी, आणि मागे तीन टेकू, प्रत्येक १ मीटर बाहेर आलेला. भिंत पुढच्या बाजूला पडू लागली तर तिचं स्वतःचं वजन जवळजवळ काहीच मदत करत नाही, कारण ते उलटण्याच्या कडेवरच असतं. सगळा भार टेकूच्या टोकाला ठेवलेल्या वजनावर येतो, आणि ते वजन एकूण ६०० किलो लागतं. म्हणजे प्रत्येक टेकूवर २०० किलो, २५ किलोच्या आठ गोण्या. प्रत्यक्षात काय दिसतं? दोन गोण्या, त्याही टेकूच्या टोकाला नाही तर भिंतीला चिकटवून, कारण मागे जागा कमी होती. अभियंता या आकड्यावर सुरक्षेचा गुणक लावतो तो वेगळाच.

आता तीच भिंत जरा वेगळी आखा. मागच्या भिंतीला काटकोनात जोडलेल्या २ मीटर लांब, तेवढ्याच उंच तीन भिंती द्या: दोन टोकांना दोन आणि मध्ये एक, तिच्या आडोशाला सामानाची खोली. लाकडी चौकट आणि प्लाय मिळून चौरस मीटरला १५ किलो धरले तर अशी प्रत्येक काटकोनातली भिंत १२० किलोची. तिघींचं वजन ३६० किलो, सरासरी १ मीटर अंतरावर, म्हणजे ३.६ किलोन्यूटन-मीटर तिथेच मिळाले. उरलेल्या २.४ साठी २ मीटर अंतरावरच्या टोकाला एकूण १२० किलो पुरतात, प्रत्येकी ४०. सहाशेवरून एकशेवीस! हा फरक ड्रॉइंगवर रेघ वळवल्याने पडला. हॉलमध्ये रात्री अकरा वाजता गोण्या शोधून तो पडत नाही. अट एवढीच की कोपरे खरोखर जोडलेले हवेत: वर, मध्ये आणि खाली बोल्ट. नुसते स्क्रू आणि वरून पुट्टी म्हणजे जोड नव्हे, नुसती सजावट.

उभारताना सर्वांत नाजूक वेळ असते ती पहिला तुकडा उभा झाल्यापासून कोपरा बंद होईपर्यंतची. तेव्हा भिंत फक्त माणसांच्या हातांनी धरलेली असते आणि त्यातला एकजण बोल्ट आणायला जातो. म्हणून पहिला कोपरा आधी जोडायचा, लांब सरळ भाग नंतर. आणि काही झालं तरी भिंत हॉलच्या खांबाला, पाइपला किंवा शेजारच्या स्टॉलला बांधायची नाही. शेजारी आधी उतरवायला लागला की तुमची भिंत त्याच्याबरोबर जाते.

४ मीटरवरची रचना, दुमजली स्टॉल, टांगलेलं सामान आणि ६० सेंटिमीटरपेक्षा उंच व्यासपीठ यांना अनेक आयोजक ‘गुंतागुंतीची रचना’ मानतात आणि रचना अभियंत्याची आकडेमोड व सही मागतात. उभारणी झाल्यावर त्याच अभियंत्याने जागेवर येऊन पाहिल्याचं पत्रही लागतं. सही झाल्यानंतर डिझायनरने ‘दिसायला आडवा येतो’ म्हणून एक तिरका टेकू काढला की ती सही रद्दच समजा.

टांगलेला ट्रस

छताला हात लावण्याचा अधिकार जवळपास सगळीकडे फक्त हॉलच्या रिगिंगवाल्यांना (छताला सामान टांगणाऱ्यांना) असतो. पण त्यांना देण्याचा आकडा तुमच्याकडून जातो, आणि तो चुकतो.

पहिली चूक: तीन बिंदूंवर टांगलेला ट्रस. ३०० किलो एकसारखा पसरलेला भार, तीन टांगण्या, म्हणून प्रत्येकीवर शंभर, असं मांडलं जातं. ट्रस अखंड असेल आणि अंतरं सारखी असतील तर मधल्या बिंदूवर पाच-अष्टमांश भार येतो, म्हणजे जवळजवळ १८८ किलो. टोकांवर ५६-५६. आणि हे, तिन्ही चेनकप्प्या (साखळीने भार वर ओढणाऱ्या कप्प्या) अगदी समान उंचीवर असताना. मधली थोडी जास्त ओढली की तिच्यावर आणखी भार चढतो. दोन बिंदू पुरत असतील तर दोनच ठेवा, हिशेब सरळ राहतो.

दुसरी चूक: पट्ट्याचा कोन. एका हुकातून दोन पट्टे खाली ट्रसला बांधलेत आणि भार ३०० किलो आहे. पट्टे आडव्या रेषेशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकावर १७३ किलोचा ताण येतो. तेच ३० अंशांत लोळवले तर प्रत्येकावर पूर्ण ३०० किलो, शिवाय ट्रसला दोन्हीकडून चिमटा बसतो. छत बुटकं म्हणून पट्टे आखूड घेतले की नेमकं हेच होतं.

यादीत दिवे, केबल, कापड, स्पीकर, क्लॅम्प आणि चेनकप्पी स्वतः, सगळ्यांची वजनं धरा. केबलचं वजन धरायला जवळपास सगळेच विसरतात. प्रत्येक दिव्याला क्लॅम्पखेरीज वेगळी सुरक्षा तार हवी. शॅकलची (टांगणी जोडणाऱ्या पोलादी कडीची) पिन कंपनाने फिरू नये म्हणून तिला तारेने बांधायची. ट्रस वर जात असताना खाली कोणी नाही, म्हणजे कोणीच नाही. गालिचा अंथरणारासुद्धा नाही. म्हणून टांगण्याचं काम वेळापत्रकात सगळ्यात पहिलं येतं. जमीन रिकामी असेपर्यंतच ते सुरक्षितपणे होतं.

एलईडी वॉलबद्दल एक गैरसमज फार आढळतो. ती पातळ दिसते म्हणून हलकी वाटते. ५० बाय ५० सेंटिमीटरची एक टाइल साधारण साडेसात किलोची. ४ बाय ३ मीटरच्या वॉलमध्ये अशा ४८ टाइल, म्हणजे ३६० किलो, चौकट वेगळी. जमिनीवर रचत असाल तर मागचा तिरका आधार आणि त्यावरचं वजन भिंतीसारखंच मोजून द्या. सजावटीच्या प्लाय भिंतीला ती अडकवायची नाही. त्या भिंतीत एवढा जीव नसतो.

जमीन आणि उंची

हॉलची जमीन किती भार सोसते हे पुस्तिकेत दिलेलं असतं, पण लोक फक्त चौरस मीटरचा आकडा वाचतात. धोका बहुधा एका बिंदूवर येणाऱ्या भारात असतो. जमिनीखाली वीज-पाणी नेणारे चर असतात आणि त्यांच्या झाकणांची ताकद बाजूच्या काँक्रीटपेक्षा कमी असू शकते. सिझर लिफ्टची (कात्रीसारख्या पायांवर सरळ वर जाणाऱ्या फलाटाची) छोटी चाकं किंवा यंत्राचा एक पाय नेमका त्या झाकणावर आला की झाकण दबतं. चरांचा नकाशा मागवा, यंत्राचे पाय आणि लिफ्टचा मार्ग त्यावर आखा. लागेल तिथे जाड पोलादी पत्रा टाका. पाण्याची टाकी ठेवणार असाल तर लक्षात असू द्या, एक मीटर उंच पाणी म्हणजे चौरस मीटरला टनभर.

साधी शिडी थोडा वेळ, हलक्या कामासाठी चालते. टेकवायची शिडी चारास एक या प्रमाणात लावा: चार मीटर उंचीवर टेकली तर पाया एक मीटर बाहेर. घोडा, म्हणजे उघडून स्वतःच उभी राहणारी शिडी, पूर्ण उघडून, अडसर बसवून वापरायचा आणि वरच्या पायरीवर उभं राहायचं नाही. घोडा मिटवून भिंतीला टेकवणं ही सुतारांची आवडती सवय आहे आणि त्यात तळाचे पाय घसरतात. दोन्ही हात लागणारं किंवा अर्ध्या तासापेक्षा लांबणारं काम असेल तर चाकांची परांची किंवा सिझर लिफ्ट घ्या. परांचीची चाकं लॉक हवीत, बाहेरचे आधारपाय लावलेले हवेत, आतून चढायचं आणि वर माणूस असताना ती ढकलायची नाही. हा शेवटचा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि सगळ्यात जास्त मोडलाही जातो, कारण दर दोन मीटरला उतरून चढणं कंटाळवाणं असतं. त्यावर उपाय कामाची आखणी: एका जागी उभं राहून करता येणारी सगळी कामं एकदम उरका.

सिझर लिफ्टच्या कठड्यावर पाय देऊन उंची वाढवायची नाही, आणि तिला क्रेन समजून फलकही उचलायचे नाहीत. बूम लिफ्टमध्ये (लांब हाताच्या टोकाला टोपली असलेल्या) कमरेचा-खांद्याचा पट्टा बांधलेला हवा, आणि त्याची दोरी आखूड, जेणेकरून माणूस टोपलीच्या बाहेर फेकलाच जाऊ नये. छताच्या तुळईला पट्टा अडकवून काम करणार असाल तर आणखी एक प्रश्न उरतो: कोणी लटकला तर त्याला काही मिनिटांत खाली कसं आणणार? पट्ट्यात निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं आणि त्याची शुद्ध जाऊ शकते. अग्निशमन दल येईपर्यंत थांबणं ही सुटकेची योजना होऊ शकत नाही.

उचलण्याबद्दल एकच. १८ मिलिमीटरची पूर्ण एमडीएफ शीट जवळजवळ ४० किलो भरते. काचेचा हिशेब सोपा आहे: चौरस मीटरला, जाडीच्या दर मिलिमीटरमागे अडीच किलो. म्हणजे १० मिलिमीटरची २ बाय १ मीटरची काच ५० किलो. दोन माणसं आणि सक्शन कप, हे आधीच ठरलेलं हवं. काच टेम्पर्ड (तापवून मजबूत केलेली) किंवा लॅमिनेटेड (मध्ये पापुद्रा चिकटवलेली) असावी. डोक्यावर असेल तर लॅमिनेटेडच, कारण टेम्पर्ड काच फुटल्यावर तिची जड ढेकळं खाली येऊ शकतात. पारदर्शक भिंतीवर साधारण ८५ सेंटिमीटर ते १ मीटर आणि १.४ ते १.६ मीटर या दोन उंचींवर ठळक खूण लावा. मोबाइलमध्ये डोकं घातलेले लोक त्यावर आदळतात, हे उद्घाटनाच्या पहिल्या तासात दिसेल.

वीज

मुख्य जोडणी हॉलचा वायरमन करतो, पण स्टॉलच्या आतलं वायरिंग तुमचं. एमसीबी (जास्त प्रवाह गेला की पडणारा स्विच) केबलला वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाह गळला की पडणारा स्विच) लागतो. तो लावला आहे का, यापेक्षा तो सतत का पडतोय आणि त्यावर कोण काय करतंय, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. प्रत्येक संगणक, स्क्रीन आणि एलईडी ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) थोडा प्रवाह अर्थिंगमध्ये सोडतच असतो. एकेकाचा मिलिअँपिअरच्या आसपास धरला तरी वीस उपकरणं एकाच आरसीसीबीवर टाकल्यावर तो पडणार, कारण ३० चा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. मग कोणीतरी त्याला बगल देऊन थेट जोडतो आणि त्या क्षणापासून स्टॉलचा धातूचा सांगाडा भरवशावर चालतो. योग्य उपाय म्हणजे भार तीन-चार आरसीसीबींवर वाटणं. त्यामुळे कॉफी मशीन बिघडलं तरी स्क्रीन चालू राहतात. रोज सकाळी चाचणीचं बटण दाबून बघा.

दिवे एकदम चालू केले की एमसीबी पडतो, ही तक्रारही नेहमीची. ड्रायव्हरमधले कपॅसिटर भरताना क्षणभर मोठा प्रवाह ओढतात. गट करून एकामागून एक चालू करा, मोठा एमसीबी बसवू नका. मोठा एमसीबी म्हणजे आता केबल आधी जळेल आणि तो नंतर पडेल. तीन फेजवर खूप एलईडी ड्रायव्हर असतील तर न्यूट्रल (परतीची तार) अपेक्षेपेक्षा जास्त तापतो, कारण तिसऱ्या क्रमाचे हार्मोनिक (मूळच्या तिप्पट वारंवारतेचे) प्रवाह त्यात एकमेकांना काटत नाहीत, बेरजेला लागतात. न्यूट्रल किमान फेजइतका जाड घ्या, बारीक नको.

केबलच्या गुंडाळीवर एक्स्टेंशन चालवत असाल तर ती पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल आपलीच उष्णता बाहेर टाकू शकत नाही आणि आतल्या वेढ्यांचं इन्सुलेशन वितळतं. एका बोर्डात दुसरा बोर्ड नको. २ किलोवॉटची किटली एकटीच ८.७ अँपिअर घेते. ट्रस आणि धातूचे सांगाडे अर्थिंगला जोडलेले हवेत. उचललेल्या फ्लोअरखालून जाणाऱ्या केबलवरून फ्लोअरचे स्क्रू जातात हे विसरू नका. केबलचा मार्ग स्क्रू मारण्याआधी फ्लोअरवर खडूने आखून ठेवा.

आग

१६ जानेवारी १९६७ च्या पहाटे शिकागोच्या मॅककॉर्मिक प्लेस या अवाढव्य प्रदर्शन केंद्रात, घरगुती वस्तूंच्या प्रदर्शनाचे स्टॉल हॉलमध्ये उभे असताना, एका स्टॉलच्या मागच्या बाजूला धूर दिसला. इमारत उद्ध्वस्त झाली, एका रखवालदाराचा जीव गेला. प्रदर्शनाच्या भागात स्प्रिंकलर (आग लागताच छतातून पाणी फवारणारे नळ) नव्हते. एका स्टॉलच्या पाठीमागची अरुंद, कोणाच्या नजरेत नसलेली जागा एवढं करू शकते. आजही रिकामी खोकी, फोमच्या शीटा, पत्रकांचे गठ्ठे आणि एलईडीचे ड्रायव्हर एकाच बंद पोकळीत कोंबलेले सापडतात. ती पोकळी रिकामी ठेवा, ड्रायव्हरना हवा लागेल अशी जाळी द्या, आणि रिकामी खोकी रोजच्या रोज हॉलबाहेर पाठवा.

कापड, गालिचा, फ्लेक्स आणि पॅनल यांची सहज पेट न घेण्याची प्रमाणपत्रं सामानासोबत असू द्या. युरोपात बी-एस१-डी० किंवा सी दर्जा, जुन्या जर्मन पद्धतीत बी१, अमेरिकेत कापडासाठी एनएफपीए ७०१ असे उल्लेख दिसतील. फवारून अग्निरोधक केलेलं कापड धुतल्यावर बहुधा तो गुण गमावतं, म्हणून मागच्या वर्षीचं प्रमाणपत्र धुतलेल्या पडद्याला लागू नाही. थर्माकोलची अक्षरं टाळा: तो जळत जळत खाली ठिबकतो. पॉलियुरेथेन फोमच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असतो.

विजेच्या आगीसाठी कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक, लाकूड-कापडासाठी पाणी किंवा फोमचं. विजेवर पाणी नाही. स्टॉलवरच्या सामानाखाली गाडलेलं अग्निशामक नसल्यातच जमा. हॉलचे हायड्रंट (आग विझवण्याच्या पाण्याचे नळ), आपत्कालीन दरवाजे आणि स्प्रिंकलरखालची मोकळी जागा यांवर तुमची भिंत येत नाही ना, हे ड्रॉइंगवरच तपासा. स्टॉलला छत देणार असाल तर तुम्ही स्प्रिंकलरचं पाणी अडवताय, म्हणून आयोजकांची परवानगी आधी. वेल्डिंग किंवा ग्राइंडर शक्यतो कारखान्यातच संपवून या. करावंच लागलं तर परवाना, ठिणगी अडवणारी चादर, आणि काम संपल्यावर तासभर तिथे बसून राहणारा माणूस. ठिणगी गालिच्याखाली निवांत धुमसत राहते.

गाडी मांडायची असेल तर इंधन कमीत कमी, टाकीचं झाकण कुलूपबंद, बॅटरीची तार काढलेली. लिथियम बॅटरीची उपकरणं रात्री चार्जिंगला लावून जाऊ नका.

चालू यंत्र, पाणी, लेसर

कारखान्यात यंत्राजवळ शिकलेला कामगार उभा असतो. स्टॉलवर मूल, आजोबा आणि सेल्फी काढणारा पाहुणा. त्यामुळे कारखान्यातलं आवरण इथे पुरत नाही. हात फिरत्या भागापर्यंत पोहोचणारच नाही अशी पक्की, पाना लावल्याशिवाय न निघणारी जाळी किंवा पॉलिकार्बोनेटची भिंत हवी, वरून वाकून हात घालता येणार नाही इतकी उंच. दार ठेवलं तर उघडताच यंत्र थांबवणारा इंटरलॉक. आपत्कालीन लाल बटण हवंच, पण ते आवरणाची जागा घेत नाही. बटण दाबेपर्यंत बोट गेलेलं असतं. ‘प्रेक्षकांना नीट दिसत नाही’ म्हणून विक्रीवाला दुसऱ्या दिवशी जाळी काढायला सांगतो. हे हमखास होतं, म्हणून पारदर्शक आवरण आधीच बनवून आणा. यंत्र चालवणारा गेला की किल्लीही त्याच्याबरोबर जायला हवी.

पाण्याच्या शोभेच्या वस्तूंकडे फार कोणी लक्ष देत नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोवेनकार्स्पेल इथल्या फुलांच्या प्रदर्शनात मांडलेल्या गरम पाण्याच्या व्हर्लपूलमधून लेजिओनेला जीवाणू पसरले आणि किमान ३२ जणांचा मृत्यू झाला. कोणी त्या पाण्यात उतरलं नव्हतं. तुषारांचं धुकं श्वासातून गेलं, एवढंच. २० ते ४५ अंश तापमानाचं साचलेलं पाणी आणि तुषार ही जोडी टाळा. टाळता येत नसेल तर पाणी रोज बदला, जंतुनाशक द्या आणि त्याची मोजणी लिहून ठेवा.

लेसर तिसऱ्या ‘बी’ किंवा चौथ्या, म्हणजे डोळ्याला धोकादायक वर्गाचा असेल तर तो पूर्ण बंदिस्त हवा आणि त्याची जबाबदारी घेणारा प्रशिक्षित माणूस हवा. त्याच्या परावर्तनानेही डोळा जातो.

धूळ, आवाज, वाट

कापाकापी कारखान्यात झाली की हॉलमधला अर्धा त्रास संपतो. कठीण लाकडाची धूळ कर्करोगकारक मानली जाते, आणि एमडीएफमध्ये वर फॉर्माल्डिहाइड. हॉलमध्ये करवत चालवावी लागली तर तिला धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडलेला हवा. साधा कापडी रुमाल यात काही कामाचा नाही, बारीक धूळ अडवणारा एफएफपी२ किंवा ३ मास्क लागतो. पाण्यावर आधारित रंग वापरा आणि स्प्रे टाळा. आवाज ८५ डेसिबलच्या पुढे गेला की कानात बोळे. तीन डेसिबल वाढले म्हणजे ऊर्जा दुप्पट, म्हणून ‘थोडासाच जास्त’ हा शब्दप्रयोग इथे फसवा आहे.

उभारणीच्या दिवसांत हॉल हा रस्ता असतो. फोर्कलिफ्ट मागे येत असते आणि चालकाला पॅलेटपलीकडचं दिसत नाही. चमकणारं जॅकेट आणि पोलादी टोकाचे बूट सगळ्यांना, ‘फक्त बघायला’ आलेल्या मार्केटिंगवाल्यांनाही. वर काम चालू असेल तिथे हेल्मेट. सामान गँगवेमध्ये (स्टॉलांमधल्या वाटेत) नाही, स्टॉलच्या हद्दीत. उचललेल्या फ्लोअरची कड उतरती आणि वेगळ्या रंगाची करा, चाकाच्या खुर्चीसाठी एकास बाराचा उतार द्या.

उतरवणी

सगळ्यात जास्त घाई इथे असते. शेवटची घंटा वाजते आणि पाहुणे बाहेर पडण्याआधीच कोणीतरी स्क्रीन काढायला लागतो. आयोजक परवानगी देईपर्यंत एकही साधन चालू करायचं नाही. बहुतेक ठिकाणी गालिचे गुंडाळून गँगवे मोकळे झाल्याशिवाय ट्रॉली आत सोडत नाहीत, त्यामुळे आधी सुरू करून फायदाही नाही.

क्रम उभारणीच्या उलट असतो, पण तो कागदावर नसेल तर माणसं जे सोपं ते आधी काढतात. सोपं म्हणजे बाजूच्या छोट्या भिंती. त्याच भिंती मोठीला धरून होत्या. म्हणून आधी वीज बंद झाल्याची खात्री, मग काच आणि नाजूक सामान, मग टांगलेला ट्रस खाली. त्यानंतर मोठी भिंत टेकू आणि वजनांसह उभी ठेवून तिचे तुकडे वरून खाली उतरवायचे, आणि काटकोनातल्या भिंती व गोण्या अगदी शेवटी. भिंत अख्खी पाडून जमिनीवर मोडायची टूम निघते तेव्हा मुकादमाने नकार द्यायचा, कारण पडत्या भिंतीपलीकडे कोण उभा आहे हे कोणालाच दिसत नसतं.

ही टोळी तीच असते जी पाच दिवसांपूर्वी रात्रभर जागली होती. दुसरी पाळी लावा किंवा उतरवणी सकाळी ढकलण्याची परवानगी मागा. गाड्यांच्या वेळा ट्रान्सपोर्टवाल्याने नव्हे, या क्रमाने ठरवा. शेवटी जमिनीवरचे खिळे, स्क्रू, काचेचे कण आणि टेप गोळा करा, फ्लोअरला केलेली छिद्रं दाखवून द्या, आणि जागा परत दिल्याची सही घेऊनच मुकादमाला सोडा.